समेच्या आधी

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय फोनवर दोन शब्दांत सांगितला : वेळेवर पोहोचणं. आगगाडी, टपाल, पाऊस, पगार, काहीही चालेल म्हणाले. मला आठवल्या त्या अक्का.

अक्का म्हणजे आईची मैत्रीण. वय ऐंशीच्या पुढे. जन्म तंजावरचा. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ आणि गाणं तेलुगू, अशा तीन भाषांत त्या वाढल्या आणि लग्न होऊन पुण्याला आल्या. पौष वद्य पंचमीला सकाळी लवकर आंघोळ उरकायची आणि तिरुवैयारुच्या त्यागराज आराधनेचं प्रक्षेपण ऐकायला बसायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. लहानपणी तिरुच्चीचं आकाशवाणी केंद्र होतं. पुण्यात आल्यावर कधी रेडिओ लागायचा, कधी नाही. आता नातवाने टॅब्लेट घेऊन दिला आहे.

दोन वर्षांपूर्वी त्या सकाळी मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यागराजांच्या पाच पंचरत्न कृतींतली दुसरी, गौळ रागातली, चालू होती. अक्कांचा हात मांडीवर ताल धरून चालला होता आणि मध्येच पडद्यावर ते गोल चाक फिरू लागलं. गायकांची तोंडं उघडीच राहिली. अक्कांचा हात मात्र थांबला नाही. त्या मनातल्या मनात पुढे गात राहिल्या. चाक थांबलं तेव्हा पडद्यावरचं गाणं मागे होतं आणि अक्का पुढे गेल्या होत्या. असं तीन-चारदा झाल्यावर त्यांनी टॅब्लेट पालथा ठेवला.

"पाणी येतं, वीज येते," त्या म्हणाल्या, "मग गाणंच मध्ये कुठं अडतं गं?"

तो प्रश्न घेऊन मी या जानेवारीत तिरुवैयारुला गेले.

पाच पूल

तंजावरहून तिरुवैयारु तेरा-एक किलोमीटर. बस निघाली की वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी, असे पाच पूल लागतात. गावाचं नावच पाच नद्यांचं आहे. जानेवारीत दोन्ही बाजूंचं भात पिवळं पडायला लागलेलं असतं. या सगळ्या शेतांना पाणी येतं ते वर कल्लणैहून. चोळ राजांच्या काळापासूनच्या त्या बंधाऱ्यापाशी कावेरीचं पाणी वाटलं जातं. मेट्टूर धरणाचे दरवाजे प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडतात आणि मग सगळ्या मुलखाचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं : पाणी 'कडैमडै'ला, म्हणजे कालव्याच्या अगदी शेवटच्या शेताला, कधी पोहोचतंय.

आपल्याकडे पाटाच्या पाण्याच्या पाळीला आवर्तन म्हणतात. तालाच्या एका फेऱ्यालाही आवर्तनच म्हणतात. कितीतरी वर्षं हे दोन्ही शब्द मी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले होते. बसच्या खिडकीतून ते पाट बघताना पहिल्यांदा लक्षात आलं की दोन्हीकडे अर्थ एकच आहे. फेरी परत येणार, ठरल्या वेळी येणार, आणि त्या भरवशावर समोरचा माणूस आपलं काम करत राहणार. पाटकरी उशिरा आला तर पीक वाळतं. मृदंग समेवर आला नाही तर गाणं मोडतं. अक्कांच्या टॅब्लेटवर मोडलं होतं ते हेच.

कावेरीकाठचा मंडप

१८ जानेवारी २०२५, शनिवार, पौष वद्य पंचमी. त्यागराजस्वामी १८४७ साली याच तिथीला गेले. सकाळी त्यांच्या घरापासून उंछवृत्तीची भजनी मिरवणूक निघते, ते स्वतः जशी माधुकरी मागत तशी, आणि समाधीपाशी येते. नदीकाठी भलामोठा मंडप. मध्ये वाट सोडून दोन्ही बाजूंना एकमेकांकडे तोंड करून कलावंत बसतात. नावाजलेले आणि कालच अरंगेट्रम झालेले एकाच सतरंजीवर. आधी नागस्वरम, मग बासरीवर एक कृती, आणि नऊच्या सुमाराला नाट राग सुरू होतो. शेकडो गळे, डझनांनी व्हायोलिनं आणि मृदंग. नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री; पाचही कृती आदितालात.

समाधीचं देऊळ बांधलं ते बंगलोर नागरत्नम्मांनी. देवदासी घराण्यातली ही बाई. आपली मिळकत तिने इथे ओतली. १९२५ साली देवळाची प्रतिष्ठा झाली. तरीही आराधनेत बायकांनी गायचं की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालला. वेगवेगळे गट होते, वेगवेगळे उत्सव होते. १९४० च्या सुमाराला ते एक झाले आणि आज आपण बघतो ते सामूहिक पंचरत्न गायन त्यानंतर रुजलं. समाधीसमोर नागरत्नम्मांची हात जोडून बसलेली मूर्ती आहे. अक्कांनी मला बजावून सांगितलं होतं, आधी तिच्या पाया पड.

मराठी माणसाने इथे परकं वाटून घ्यायचं कारण नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या काळात त्यागराजांचं सगळं आयुष्य गेलं. इथल्या हरिकथेची घडण मराठी कीर्तनातून झाली आहे. मोरगावकर बुवांची कीर्तनं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी ती नव्याने बांधली, आणि साकी, दिंडी, ओवी हे शब्द तमिळ कथेकऱ्यांच्या तोंडी आजही तसेच आहेत.

माझ्या पुढे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांचा उजवा हात मी तासभर पाहिला. मांडीवर एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. थाप, उताणा हात. थाप, उताणा हात. आठ मात्रा झाल्या की पुन्हा थाप. डोळे मिटलेले. गर्दीत कुणी त्यांच्या गुडघ्याला लागून गेलं तरी ती थाप इकडची तिकडे झाली नाही.

नाट संपलं तसा मी अक्कांना संदेश पाठवला, 'नाट संपलं.' मंडपात रेंज अशी होती की तो जायलाही वेळ लागला. उत्तर आलं : 'इथे अजून चालू आहे. शेवटच्या चरणावर आहेत.' आणि थोड्या वेळाने : 'आता संपलं.' मी घड्याळ लावून पुन्हा आरभीला पाहिलं. साधारण चाळीस सेकंदांचं अंतर. मी आणि अक्का एकच गाणं ऐकत होतो, पण त्यांचं आवर्तन माझ्यामागून येत होतं.

डब्यांची गाडी

ती चाळीस सेकंदं कुठे जातात हे मला आकाशवाणीतून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांनी समजावलं. गायन संपल्यावर आम्ही बाहेर कॉफी घेत उभे होतो. समोरच्या दुकानात अशोका हलवा केळीच्या पानावर विकत होते.

"रेडिओ कुणाची वाट पाहत नाही," ते म्हणाले. मनोऱ्यातून लहर निघाली की दहा जण ऐकोत की दहा लाख, मनोऱ्याचं काम तेवढंच. ज्याला सापडली त्याला सापडली. इंटरनेटवर तसं नाही. तिथे प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी वेगळा प्रवाह जातो. अक्कांच्या टॅब्लेटकडे जाणारं पाकीट वेगळं, त्यांच्या न्यू जर्सीतल्या नातीकडे, जिथे आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, जाणारं वेगळं. म्हणून सर्व्हरला वेळापत्रक लागतं.

आधी गाण्याचे डबे होतात. सेकंदाला पंचवीस चित्रं येतात. सगळी पूर्ण पाठवली तर कोणत्याही घराला पेलणार नाहीत, म्हणून दर दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र आणि मधल्या चित्रांत आधीच्यापेक्षा काय बदललं तेवढंच. मग सगळ्याचे सारख्या लांबीचे तुकडे पाडतात, समजा सहा-सहा सेकंदांचे. प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार करतात : एक भरघोस, एक मध्यम, एक अगदी हलका. तिन्ही ठिकाणी कापणी मात्र एकाच क्षणी व्हायला हवी, म्हणजे घेणाऱ्याला भरघोस डब्यानंतर हलका डबा जोडता येतो आणि सांधा जाणवत नाही. सोबत एक यादी असते, कोणता डबा कुठे ठेवलाय याची. थेट प्रक्षेपणात ती दर काही सेकंदांनी नवी होते. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेली पद्धत ही अशी आहे, आणि तिच्या नियमांत असं म्हटलंय की थेट प्रक्षेपण बघणाऱ्याने शेवटच्या टोकापासून निदान तीन डबे मागे राहून सुरुवात करावी. तीन गुणिले सहा, अठरा सेकंदं तिथेच. डबा बांधायला वेळ, उपग्रहाला वेळ, सर्व्हरांच्या साखळीला वेळ. झाली चाळीस.

म्हणजे तो उशीर म्हणजे बिघाड नाही, ती शिदोरी आहे. रस्त्यात काही अडलं तर तेवढा वेळ घरातलं खाऊन राहता येतं.

पंगत

दुपारी गावात जेवणाची पंगत होती. तमिळमध्येही तिला 'पंदि' म्हणतात, शब्द मूळचा एकच. सतरंजीच्या लांब पट्टीवर समोरासमोर केळीची पानं. या प्रांताला पंगतीची जुनी सवय आहे. तंजावरच्या मराठा राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रं बांधली. दुसऱ्या सरफोजींनी १८०२ मध्ये ओरत्तनाडूला उभं केलेलं मुक्तांबाळ छत्र त्यांतलं सगळ्यांत नावाजलेलं. यात्रेकरू कुणीही असो, जेवल्याशिवाय पुढे जायचा नाही.

मी जेवत होते आणि वाढप्याकडे बघत होते. सांबाराची बादली घेतलेला मुलगा ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जात होता, क्रमाने, प्रत्येक पानावर एक पळी. सर्व्हरची सगळ्यांत जुनी पद्धत हीच. नव्वदच्या दशकात चित्रपट मोठ्या चकत्यांवर ठेवलेले असत. चकतीचा वाचणारा हात फेऱ्या मारायचा आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक प्रेक्षकाचा पुढच्या फेरीपर्यंत पुरेल एवढा तुकडा उचलायचा. अट एकच : फेरी पुरी व्हायच्या आत कुणाचंही पान रिकामं पडता कामा नये.

पण सगळे सारख्या वेगाने जेवत नाहीत. माझ्या डावीकडच्या मावशींच्या पानावर भात तसाच होता आणि उजवीकडच्या पोराचं पान चाटून पुसून स्वच्छ. वाढपी मुलाने क्रम मोडला, पोराला आधी वाढलं आणि मग पुन्हा ओळ धरली. ज्याची वेळ सर्वांत आधी संपतेय त्याला आधी, हा नियम. लिऊ आणि लेलँड या दोघांनी १९७३ मध्ये गणिताने दाखवलं की एकाच वाढप्याने हे काम करायचं असेल, आणि कोणत्याही क्रमाने सगळ्यांना वेळेत पोहोचणं मुळात शक्य असेल, तर या क्रमानेही ते शक्यच आहे. याहून शहाणा क्रम नाही. मात्र सारखं इकडून तिकडे धावण्यात वाढप्याचे पाय मोडतात. चकतीच्या हाताचंही तेच. १९९३ मध्ये आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत नरसिंह रेड्डी आणि जिम वायली यांनी दोन्ही नियमांची सांगड घातली : ज्यांची मुदत एकच, त्यांना ओळीने वाढायचं; मुदत वेगळी, तर आधी संपणाऱ्याला.

या नियमाची एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते. पंगतीला झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं बसवली, तर 'आधी संपणाऱ्याला आधी' हा नियम कोसळतो. वाढपी ज्याच्याकडे धावतो त्याचं पान आधीच रिकामं झालेलं असतं. तिकडे वेळ गेला म्हणून पुढचंही रिकामं होतं. थोड्या जणांची गैरसोय व्हायची ती सगळ्यांची होते. म्हणून जाणता यजमान दारात उभा राहतो. पानं मांडली आहेत तेवढीच माणसं आत घेतो, बाकीच्यांना हात जोडून सांगतो, दुसऱ्या पंगतीला या. जुने सर्व्हरही असेच दारावर मोजणी करत. एकशे एकावा प्रेक्षक आत घेतला तर आधीच्या शंभरांचं गाणं अडणार असेल, तर त्याला थांबवणं हेच खरं आतिथ्य.

आजची पद्धत एका मोठ्या बाबतीत बदलली आहे. आता वाढपी पानाकडे बघत नाही. जेवणाराच हाक मारतो. टॅब्लेट स्वतः हिशेब ठेवतो की आपल्याकडे किती सेकंदांचं गाणं शिल्लक आहे, मागचा डबा यायला किती वेळ लागला, आणि त्यावरून पुढचा डबा कोणत्या दर्जाचा मागायचा ते ठरवतो. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड आणि नेटफ्लिक्सच्या काही संशोधकांनी एक साधा विचार तपासून पाहिला. रस्त्याचा वेग किती असेल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा आपल्या डब्यात शिल्लक किती ते बघा. शिल्लक कमी तर हलकं मागा, शिल्लक भरपूर तर भरघोस मागा. लाखो प्रेक्षकांवर तो प्रयोग झाला आणि मध्येच अडण्याचं प्रमाण दहा ते वीस टक्क्यांनी घटलं. घरातल्या बाईला हे सांगावं लागत नाही. ती बाजारभावाचे अंदाज लावत नाही, डब्यात हात घालून बघते.

आणि वाढपी दर वेळी चुलीपर्यंत जात नाही. ओळीच्या टोकाला सांबाराचं एक पातेलं आणून ठेवलेलं असतं. प्रक्षेपणाचंही तेच : मूळ सर्व्हर एकीकडे, आणि शहराशहरांत, इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या दारात ठेवलेले साठ्याचे सर्व्हर. चित्रपटाच्या बाबतीत ही पातेली आदल्या रात्री, गर्दी नसताना भरून ठेवता येतात. थेट प्रक्षेपणात तसं करता येत नाही, कारण पुढचा डबा अजून गायलाच गेलेला नसतो. तो तयार झाला की सगळे एकाच क्षणी हाक मारतात. अशा वेळी शहाणं पातेलं चुलीकडे एकालाच पाठवतं, बाकीच्या हाका धरून ठेवतं आणि तो आला की सगळ्यांना वाढतं. हे केलं नाही तर चूलच बंद पडते.

क्रिकेटमध्ये हे आकडे छाती दडपणारे होतात. १० जुलै २०१९ रोजी मँचेस्टरला न्यूझीलंडविरुद्धच्या विश्वचषक उपांत्य सामन्यात धोनी खेळत होता तेव्हा हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख प्रवाह चालू होते. २०२३ च्या अंतिम सामन्याला ५ कोटी ९० लाख. आराधनेची गर्दी त्यापुढे मूठभर. पण कडैमडैच्या शेतकऱ्याला कालव्यात एकूण किती पाणी सुटलं याच्याशी देणंघेणं नसतं. आपल्या बांधावर आलं का, एवढंच.

राजवाड्यामागची खोली

आदल्या संध्याकाळी मी तंजावरात राजवाड्याजवळच्या एका गल्लीत गेले होते. तिथे तीन तरुण लग्नं आणि मैफली थेट दाखवण्याचं काम करतात. मुलगा सिंगापूरला, आजी गावात, लग्न कुंभकोणमला, असली कामं. खोलीत दोन कॅमेरे, वायरींची वेटोळी आणि चार सिमकार्डं घालायचं एक यंत्र.

गाणं आधी वर चढतं तिथला रस्ताच सगळ्यांत कच्चा, असं त्यांच्यातला थोरला म्हणाला. मंगल कार्यालयात हजार माणसं जमली की त्या भागातला मोबाइलचा मनोरा दमून जातो. मनोऱ्याचंही एक वेळापत्रक असतं. फोर-जीमध्ये दर मिलिसेकंदाला तो ठरवतो की या क्षणी कुणाला किती वाट द्यायची. गर्दी वाढली की प्रत्येकाची पाळी उशिरा येते. म्हणून हे लोक वेगवेगळ्या कंपन्यांची चार सिमं घालून प्रवाहाची पाकिटं चारही वाटांनी वाटतात आणि पलीकडे पुन्हा ओळीने लावतात.

"आणि हरवलं तर?" मी विचारलं.

त्याने पडद्यावर एक आकडा दाखवला : २०००. दोन हजार मिलिसेकंदं, म्हणजे दोन सेकंदं. पाकीट हरवलं तर पलीकडचा ते परत मागतो. दोन सेकंदांत आलं तर जागेवर बसतं. नाही आलं तर त्याची वाट बघायची नाही, सोडून द्यायचं. "उशिरा आलेलं पाकीट न आलेल्यापेक्षा वाईट," तो म्हणाला. समेची थाप समेनंतर वाजवून उपयोग नाही, ती चूकच असते. हे तंजावरच्या मुलाला वेगळं शिकवावं लागलं नसणार.

त्याने आणखी एक गोष्ट केली जी मला मनापासून आवडली. मैफल असली की तो ध्वनीची एक वेगळी, स्वतंत्र वाट चालू ठेवतो. मिक्सरमधून सरळ घेतलेला आवाज, चित्राविना. चित्राची वाट तुटली तरी गाणं जात राहतं.

काय सोडायचं

या सगळ्या फिरण्यातून माझं एक मत पक्कं झालं आणि ते मला स्पष्ट लिहायचं आहे. वेळ कमी पडणार, रस्ता अरुंद होणार, हे गृहीतच आहे. प्रश्न इतकाच की अशा वेळी काय सोडायचं. आणि ते ठरवायला समोरचा माणूस कशासाठी बसला आहे हे माहीत असायला हवं.

हिशेब करून बघा. मोठ्या पडद्यासाठीचं भरघोस चित्र सेकंदाला पाच मेगाबिट मागतं; सहा सेकंदांचा एक डबा झाला पावणेचार मेगाबाइटचा. तेवढ्याच सहा सेकंदांचा चांगल्या प्रतीचा आवाज, सेकंदाला १२८ किलोबिट धरून, शहाण्णव किलोबाइटमध्ये मावतो. चाळिसावा हिस्सा. क्रिकेटमध्ये चेंडू दिसला नाही तर सामना गेला. आराधनेत मात्र चित्र पुसट झालं तरी फारसं काही जात नाही. उलट शेकडो चेहरे आणि रेशमी साड्यांचे काठ यांनी भरलेली ती चौकट दाबून लहान करायला फार अवघड, आणि तिच्यापायी आवाजाचा घास जातो. हलक्या पायरीवर उतरताना काही ठिकाणी चित्राबरोबर आवाजही उतरवतात. तिथे मृदंगाचे हाल होतात. आवाज फार दाबला की कडक थापेच्या किंचित आधी तिची एक खरखरीत सावली ऐकू येते. दाबताना आवाजाचा एक छोटा खंड एकत्र हिशेबात घेतात आणि त्यातली चूक त्या खंडभर पसरते, थापेच्या आधीच्या शांततेतही. घटम आणि मृदंगाच्या सवालजवाबात ही सावली कानाला बोचते. पायऱ्या कितीही असोत, आवाजाची पायरी खाली जाता कामा नये. अ‍ॅपलने सुरुवातीच्या काळात मोबाइलवरच्या प्रवाहांसाठी ६४ किलोबिटची एक पायरी असलीच पाहिजे असा नियम केला होता, चित्र नसलं तरी चालेल. त्या नियमामागचा विचार मला अजून पटतो.

दुसरी गोष्ट उशीर भरून काढण्याची. प्रवाह मागे पडला की काही प्लेअर वेग थोडा वाढवून टोक गाठतात, शेकडा चार-पाच टक्के. पट्टी बदलत नाहीत, त्यामुळे बातम्यांत कळतही नाही. पण कर्नाटक संगीतात कालप्रमाण, म्हणजे धरलेली लय तसूभर न हलवता शेवटपर्यंत नेणं, ही गायकाची कमाई असते. ती शंभर जणांनी मिळून नेलेली लय यंत्राने परस्पर चढवायची? काही प्लेअर उडी मारून टोकाला जातात आणि मधली ओळ हरवते. गाण्याच्या प्रक्षेपणाला थोडं मागे राहू द्यावं. चाळीस सेकंदांऐवजी पन्नास झाली तर अक्कांचं काही बिघडत नाही. इथे कुणी शेजाऱ्याच्या आधी षटकार बघायला बसलेलं नाही.

अक्कांच्या टॅब्लेटचं कोडंही मला त्याच संध्याकाळी, त्या खोलीत उलगडलं होतं. मी थोरल्याला सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "दर्जा कुणी हाताने लावून ठेवला होता का?" ठेवला होता. नातवाने प्रेमापोटी, आजीला चेहरे स्पष्ट दिसावेत म्हणून, सर्वांत वरच्या दर्जावर खिळवून ठेवला होता. टॅब्लेटची हलकं मागण्याची मुभाच काढून घेतली होती. मग घराचं इंटरनेट सेकंदाला एक मेगाबिटवर आलं तेव्हा सहा सेकंदांचा तो डबा यायला तीस सेकंदं लागू लागली. शिल्लक अठरा सेकंदं संपली, बारा सेकंदं चाक. डबा आला, सहा सेकंदं गाणं, चोवीस सेकंदं चाक. पुन्हा सहा, पुन्हा चोवीस. हलक्या दर्जाचा डबा आवाजासकट तीन-साडेतीन सेकंदांत आला असता.

मी तिथूनच पुण्याला फोन लावला आणि नातवाला सांगून टॅब्लेट 'ऑटो'वर करून घेतला.

पंचमीच्या दिवशी श्रीराग संपला, कलावंत उठले, सतरंज्या गोळा होऊ लागल्या. पुढचे ते वृद्ध गृहस्थ शेवटची थाप देऊन थोडा वेळ तसेच बसून राहिले. रात्री तंजावरच्या खोलीवरून मी अक्कांना फोन केला.

"मध्ये अडलं का?"

"नाही. पण गौळ चालू असताना चेहरे सगळे ढगात गेले होते बघ. कोण कोण बसलंय काही कळेना."

"मग?"

"मग काय, डोळे मिटले. सगळी चरणं पुरी झाली."